मोजता येतील इतके डाग

१२ जानेवारी

बारके,

तुला न विचारता एका फॉर्मवर तुझं नाव लिहिलंय, म्हणून हे पत्र. नाहीतर आणखी नऊ वर्षं मी लिहिलं नसतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

फॉर्म इस्पितळाचा आहे. 'जवळची व्यक्ती' असा रकाना होता, त्याच्या पुढे 'नातं' आणि 'पत्ता'. मी खिडकीतल्या बाईला म्हटलं, "रिकामा ठेवला तर?" ती वर न बघताच म्हणाली, "रिकामा नाही चालत. कोणीतरी असेलच की!" मागे रांग खोळंबली होती. लिहून टाकलं. नातं: सख्खी धाकटी बहीण.

पत्ता मामांनी दिला. आपल्या कारखान्यात कटिंग मशीनवर आहेत तेच मामा, अजून तिथेच आहेत. तू त्यांना वर्षातून एकदा पत्र टाकतेस हे मला मागच्या आठवड्यात कळलं. नऊ वर्षं हा माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा राहून पुठ्ठे कापतोय आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही! मी रागावले तर म्हणतात, "तू विचारलंस कधी?" खरंच विचारलं नव्हतं.

काळजीसारखं काही नाही. पोटाची तपासणी आहे, किरकोळ. वय झालं की यंत्राचा कुठला ना कुठला पट्टा सैल पडतोच.

कारखाना चालू आहे. आता चौघंच आहोत. छापखान्याकडून बांधणीला नवी पुस्तकं फारशी येत नाहीत. वाचनालयांची फाटकी पुस्तकं येतात, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध येतात. मुलं शेवटच्या दिवशी धापा टाकत येतात आणि उद्या सकाळी हवं म्हणतात. सरस वाळायला किती वेळ लागतो हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नसावेत. तुझं स्टूल कोणी वापरत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं. नवी मुलगी त्यावरच बसते. तिला काय माहीत! ती उठून गेली की मी ते टेबलाखाली सरकवून ठेवते, तू ठेवायचीस तसं.

मामांनी तुझ्या मुलीचं नाव सांगितलं. शिलाईच्या टेबलाशी कोणी नव्हतं तेव्हा मी ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. छान वाटतं हाक मारायला.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त त्या लोकांचा कधी फोन आलाच, तर 'मी ओळखत नाही' म्हणू नकोस.

ताई


३० जानेवारी

बारके,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेटीत पत्र टाकून वळले आणि लगेच चुटपुट लागली, पण पेटीत हात घालून ते काढता येत नाही.

तपासणी किरकोळ नाही. गेल्या मे महिन्यात माझं ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्यात गाठ होती, वीतभर आतडं कापून काढलं. मग सहा महिने सलाईनमधून औषध. त्याने बोटांची टोकं बधिर झाली आहेत. सुईत दोरा ओवताना तो चिमटीत आहे की निसटला हे डोळ्यांनी बघावं लागतं. कागद कुठल्या बाजूने सहज वाकेल ते मी अंगठ्याने सांगायचे, आठवतं? आता मामांना विचारते. ते मला बरं वाटावं म्हणून आधी विचारात पडल्यासारखं करतात.

औषध संपलं तेव्हा वाटलं, सुटले. महिन्याभराने फोटो काढला तर यकृतावर दोन डाग.

इथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "पसरलाय. पण मोजका."

"मोजका म्हणजे?"

"म्हणजे मोजता येतोय. दोनच डाग आहेत, दुसरीकडे कुठे नाही. पूर्वी एकदा पसरला म्हटलं की आम्ही हात टेकायचो. आता असे मोजके असतील तर एकेकाला गाठून मारता येतं. एक आहे कडेला, त्याला सुई घालून जाळू. दुसरा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे, तिथे सुई नको. त्याला बाहेरून किरण देऊ."

"मग मी बरी होईन?"

त्यांनी चष्मा काढला. "बरी हा शब्द मी आज वापरणार नाही. वेळ मिळेल. काही जणांना बरीच वर्षं मिळतात. काहींना नवा डाग उगवेपर्यंतचीच. तुम्ही कशात बसाल ते मला माहीत नाही."

मला त्या आवडल्या. घरी येताना पूर्ण रस्ता मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. ती तुझ्याही मनात आत्ता आली असेल.

बाबांना तीन होते.

आज त्यावर लिहायचा धीर नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

बारके,

सुईचं काम झालं. मी ठीक आहे, हे खरं सांगतेय.

सोबत मामा आले होते. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं, लग्नाला निघाल्यासारखे. नर्सने विचारलं, "पेशंटबरोबर कोण?" मामा पुढे झाले. "मी, मामा." "सख्खे?" "नाही, कटिंगचे." तिने तसंच लिहून घेतलं. इस्पितळाच्या दप्तरी आता मला एक कटिंगचे मामा आहेत.

सुई घालणारा डॉक्टर शिडशिडीत, तुझ्या वयाचा. आदल्या दिवशी त्याने समजावलं, "डाग तुमच्या शर्टाच्या बटणाएवढा आहे. पण आम्ही नुसतं बटण जाळत नाही, भोवतीचा काठही जाळतो. काठ सोडला तर तिथूनच परत उगवतं." मी म्हटलं, "आमच्या धंद्यात काठ कापतात, तुमच्यात जाळतात." तो हसला नाही, त्याचं सगळं लक्ष फोटोत होतं. मला ते बरंच वाटलं.

मग गुंगी दिली. जागी झाले तेव्हा बरगडीखाली टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी होती. एवढंच! मी परत परत पांघरूण वर करून बघत होते, की कुठेतरी मोठी जखम असेल. दोन दिवस ताप आला आणि उजवा खांदा असा ठणकला की वाटलं, झोपेत मला कोणी पुस्तकं दाबायच्या प्रेसखाली ठेवलं होतं. पोट भाजलं आणि दुखतोय खांदा? डॉक्टर म्हणाला, त्या भागाची आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून येते, मेंदूची फसगत होते.

तीन दिवस पडून होते. पडल्या पडल्या ठरवलं की आता लिहायचंच.

ती चिठ्ठी. बाबा गेल्यावर ऑर्डरींच्या फाइलमध्ये तुला जी सापडली. मला तिचा मजकूर पाठ आहे: आतड्याचं ऑपरेशन झालेलं, यकृतावर तीन डाग, इतरत्र काही नाही, मोठ्या इस्पितळात दाखवावं, कापून किंवा जाळून काढता येतात का ते पाहावं. तू मला विचारलंस, "हे काय आहे? तू तर म्हणाली होतीस काही उपायच नाही." मी म्हटलं, "बाबांनाच जायचं नव्हतं." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी खोटं बोलताना कपाळ पुसते, हे मला लहानपणी तूच सांगितलं होतंस. तेव्हाही पुसलं असणार. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

बाबांना ती चिठ्ठी मी कधी दाखवलीच नाही.

लिहिलं एकदाचं.

तू सहा महिन्यांची पोटुशी होतीस, तुझी धावपळ नको, तुला धसका नको, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं टिकलं. खरं कारण हे, की मी दमले होते. पहिल्या ऑपरेशननंतर चार महिने मी त्यांना कुशीवर वळवत होते, पिशवी बदलत होते, दिवसा कारखाना बघत होते. पुन्हा तेच सगळं, ते लांबचं शहर, तिथे मी एकटी. डॉक्टरांनी हातात चिठ्ठी दिली. फाइलमध्ये सरकवली. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. मग त्याच्या पुढच्या. मग बाबा इतके खंगले की प्रश्नच उरला नाही.

मी 'नको' असं ठरवलं नव्हतं गं. मी नुसतं पुढे ढकललं. ठरवलं असतं तर निदान कोणाशी बोलले असते.

ताई


१९ मार्च

बारके,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता, कारखान्याच्या नंबरवर. तुला सांगून केला की न सांगता, कोण जाणे. न सांगता असेल तर त्याच्यावर डाफरू नकोस. तो म्हणाला, "ताई, पत्रं पोचतात." मग म्हणाला, "ती जिन्यात उभी राहून वाचते, घरात आणायच्या आधी. उत्तराचं मला माहीत नाही. पण तुम्ही थांबू नका."

मी विचारलं, "रडते का?"

"नाही. त्या दिवशी भांडी फार जोरात घासते."

मला इतकं हसू आलं, बारके. आणि मग इतकं बरं वाटलं की कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले. तू अजून भांड्यांवरच राग काढतेस. काहीतरी तसंच्या तसं राहिलंय.

दुसऱ्या डागाचे किरण कालच संपले. पाच दिवस जावं लागलं. पहिल्यांदा एका निळ्या गादीवर झोपवतात आणि गादीतली हवा काढून घेतात. ती आपल्या अंगाच्या आकाराची कडक होते, पाठीचा, खांद्यांचा साचाच तयार होतो. रोज त्याच साच्यात जाऊन पडायचं. वरून एक मोठं यंत्र सावकाश फिरतं. दुखत नाही, काही नाही. फक्त श्वास धरायचा असतो. श्वास घेतला की यकृत खाली सरकतं, डाग जागचा हलतो, मग किरण भलतीकडे जातील. आतल्या खोलीतून मुलगी ध्वनिक्षेपकावर सांगते, "श्वास घ्या... धरा... सोडा."

पहिल्याच दिवशी मी पस्तीस सेकंद धरला. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही पोहता का?" मी म्हटलं, "नाही, सोनेरी वर्ख लावते." तिला काही कळेना. मग तिला समजावून सांगितलं की पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर सोन्याचा वर्ख ठेवताना श्वास रोखावा लागतो, नाकातून जरा वारा सुटला की वर्ख उडालाच. ते सांगताना तू आठवलीस. बाबा डोळे बारीक करून वर्ख उचलतायत, मी श्वास धरून उभी, आणि तू टेबलाखालून फुंकर मारतेस. वर्ख उडून बाबांच्या भुवईला चिकटला होता. दिवसभर ते एका सोनेरी भुवईने गिऱ्हाइकांशी बोलत होते आणि आपण दोघींनी सांगितलं नाही.

त्या खोलीत मी रोज तेच आठवायचे. पस्तीस सेकंदांत एवढंच मावतं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. माझ्या वडिलांना तीन डाग होते, नऊ वर्षांपूर्वी. नेलं असतं तर जगले असते का? त्यांनी बाबांचं वय विचारलं, हृदय कसं होतं ते विचारलं, डाग केवढे होते ते विचारलं. शेवटचं मला सांगता आलं नाही. म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर, हृदय कमजोर. कदाचित त्यांनी तिथेही नको म्हटलं असतं. कदाचित वर्षभर मिळालं असतं. कदाचित ऑपरेशनच्या टेबलावर गेले असते. मला माहीत नाही, आणि कोणी 'माहीत आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका."

मी म्हटलं, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

त्या म्हणाल्या, "तसं मी म्हटलं नाही. मी आजाराबद्दल बोलले."

हे तुला जसंच्या तसं लिहितेय. माझ्या सोयीचं तेवढं सांगायची सवय मोडायची आहे.

ताई


११ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं. टपालवाल्याने बिलांबरोबर दिलं आणि मी पाकिटावरचं अक्षर बघून खालीच बसले, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर. मामांना वाटलं मला चक्कर आली. नवी मुलगी पाणी घेऊन धावली. मी म्हटलं, काही नाही, बहिणीचं पत्र आहे. तिने विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

चार ओळी आहेत. ना 'ताई' लिहिलंयस, ना खाली तुझं नाव. पण 'त'चं वळण अजून तसंच, शेपटी वर उडालेली.

"त्यांनी तुला कधी विचारलं होतं का, की आणखी काही करता येईल? विचारलं असेल तर काय विचारलं? तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या शब्दांत."

याच प्रश्नाला मी नऊ वर्षं भीत होते. तू तेव्हा हा विचारला नाहीस, म्हणूनच मी उभी राहू शकले.

हो, विचारलं होतं.

चिठ्ठी मिळून दहाएक दिवस झाले होते. दुपारी साडेतीनच्या सुमाराला. बाबा कारखान्यात खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले होते, मांडीवर उशी, उशीवर एक जाडजूड शब्दकोश. त्याची पाठ निघाली होती. काम करू नका म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मी समोर छापील कागदांचे फर्मे दुमडत होते. मामा बाहेर गेले होते, दोघंच होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं. त्यांचे शब्द असे होते:

"आणखी काही करण्यासारखं आहे का गं? असेल तर माझी तयारी आहे. बारकीचं मूल बघायचंय मला."

मी म्हटलं, "नाही बाबा. डॉक्टर म्हणाले, आता आराम."

ते म्हणाले, "बरं."

मग जरा वेळाने म्हणाले, "ती खळीची वाटी सरकव इकडे."

मी सरकवली. त्यांनी शब्दकोशाची पाठ चिकटवली. मला त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीही काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी गेले. तुझी मुलगी त्यानंतर तेवीस दिवसांनी झाली.

तेवीस दिवस, बारके. म्हणूनच मी तुझ्या बाळाला बघायला आले नाही. तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते तर बाळाच्या तोंडाकडे बघून मला हेच ऐकू आलं असतं. लोकांना सांगितलं, तीच बोलत नाही, मी काय करू? तू बोलत नव्हतीस हे खरं. पण तू बोलली असतीस तरी मी आले नसते.

आता तुझ्याजवळ सगळं आहे. माझ्याकडे दडवलेलं काही उरलं नाही. तू हे पत्र फाडलंस तरी मी समजेन. भांडी मात्र जपून घास, हाताला लागेल.

ताई


२८ जून

बारके,

अडीच महिने तुझं काही नाही. नसणारच, हे धरून चालले होते. तरी रोज अकराला जिन्याकडे कान लागतो. टपालवाल्याची एक चप्पल करकरते. आता मामासुद्धा त्या वेळी मशीन बंद करतात, तेल घालायच्या निमित्ताने.

परवा फोटो झाला आणि आज निकाल. तीन महिन्यांचा सगळा जीव या एका दिवसावर टांगलेला होता. बाईंनी पडद्यावर दाखवलं, तर जिथे बटणाएवढा डाग होता तिथे आता चांगलं मोठं काळं भोक दिसत होतं. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. ती जळालेली जागा आहे. डाग आणि त्याचा काठ, दोन्ही. मेलंय ते. हळूहळू आकसेल." किरण दिलेला दुसरा डाग निम्म्यावर आलाय. त्यात जीव आहे की नुसतं कवच आहे, ते पुढच्या फोटोत कळेल.

आता तुला न लपवता तिसरी गोष्ट. उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसतोय. तीन मिलिमीटर. बाई म्हणतात, एवढासा ठिपका कशाचाही असू शकतो, जुन्या सर्दीचाही. एवढ्यावर सुईही धरता येत नाही. वाट बघायची. पुढचा फोटो सप्टेंबरअखेर.

म्हणजे मला तीन महिने मिळाले आहेत. अगदी मोकळे, ना सुई ना सलाईन. मामा म्हणाले, "मग आता काय करणार?" मी म्हटलं, वाचनालयाचं काम तुंबलंय. ते म्हणाले, "काम मरू दे."

तर मी विचारतेय. मी येऊ का?

माफ कर म्हणायला नाही. ते शब्द मी तोंडात घोळवून बघितले, ते मलाच पुरत नाहीत, तुला काय पुरणार? मला फक्त तुझ्यासमोर बसायचंय. तू मान तिरपी करून ऐकतेस, ते बघायचंय. सूर सोडून गुणगुणतेस ते ऐकायचंय. नऊ वर्षांत या कारखान्यात कोणी बेसूर गायलेलं नाही, सगळे कसे नीट गातात, मला कंटाळा आलाय. कुठे कोणी तुझ्यासारखी एक पायरी सोडून जिना चढणारी दिसली की मी अजून दोन पावलं तिच्या मागे जाते. मग ती वळते, आणि कुणी भलतीच असते.

आजारी आहे म्हणून दया येऊन 'ये' म्हणू नकोस. मी चालते, फिरते, जेवते. कोणी बघितलं तर आजारी आहे असं म्हणणारही नाही. आणि नको असेल तर 'नको' एवढंच लिही. मला उत्तर मिळालेलं आवडेल. बाबांनाही आवडलं असतं, खरं उत्तर.

ताई


६ जुलै

बारके,

फोनवर मला काही बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. हे पत्र माझ्या आधी पोचेल असं टपालातल्या माणसाने सांगितलंय.

तू "हॅलो" म्हणालीस आणि मला वाटलं, एखाद्या प्रबंधवाल्या मुलीचा फोन आहे. मी म्हटलं, "उद्या सकाळी मिळणार नाही, सरस वाळायला हवा." मग म्हणालीस, "ताई, मी आहे." आवाज जाडसर झालाय गं तुझा. मी तो ओळखला नाही याचं मला किती वाईट वाटलं, ते तुला तिथून दिसलं नसेल. माझ्या हातात घड्या दाबायची हाडाची पट्टी होती, ती खाली पडली, मशीन थांबलं, मामा माझ्याकडे आणि मी भिंतीकडे.

तू म्हणालीस ते मी फोन ठेवल्या ठेवल्या लिहून घेतलं, कारण यापुढे मला दुसऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत. "शनिवारी ये. माझी मुलगी चारला घरी येते, तू तीनला ये. तिच्यासमोर मला काही बोलायचं नाही. पण त्याआधी एक तास मला तुझ्याशी भांडायचंय. मनात साठलेलं सगळं बोलणार आहे मी. मध्ये बोलायचं नाही, रडायचं नाही आणि आजाराचं नाव काढायचं नाही."

मी "हो" म्हटलं, एवढंच. खरं तर तेव्हाच रडत होते, पण नियम शनिवारपासून लागू आहेत असं धरते.

मग तू विचारलंस, "खायला काय चालतं तुला आता?" हे कसल्या रागाने विचारलंस! मी म्हटलं, सगळं चालतं, थोडं थोडं. तू म्हणालीस, "थोडं थोडं म्हणजे किती ते नीट सांग, मला अंदाज येत नाही," आणि फोन ठेवून दिलास.

तिकीट काढलंय. मामांनी मला दोनदा वेळ विचारली आणि दोनदा स्वतःच सांगितली. तुझ्या मुलीसाठी काय आणावं ते सुचत नव्हतं, शेवटी काहीच घेतलं नाही. आधी तिला बघते, मग विचारीन तिलाच.

आज फर्मे दुमडताना दोन पानं उलटी लावली.

एकच सांगायचं राहिलं. तू एक तास म्हणालीस. नऊ वर्षांचं भांडण आहे, बारके, आणि तू भांडतेस कशी ते मला माहीत आहे. ते तासात आटोपायचं नाही. चार वाजले की थांबू, पोरीला जेवू-खाऊ घालू, आणि ती बाहेर खेळायला गेली की पुन्हा सुरू करू. मी राहायच्या तयारीने येतेय.

ताई